मास्तरांच्या गावचं दप्तर कुठं आहे?

या आठवड्याचं पत्र:

"बाई, सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी, कॉलेज बेळगावात. इतिहासात एम.ए. केलं, मग बी.लिब. आणि एम.लिब. गेले सात-आठ महिने एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात करारावर आहे. इतिहासाची पुस्तकं, नियतकालिकं आणि त्या विषयाचे संशोधक माझ्याकडं दिलेत. मला स्वतःला पीएच.डी. करायची होती, आता दुसऱ्यांच्या पीएच.डी.साठी कपाटं उपसते. मागच्या महिन्यात रायबाग तालुक्यातले एक निवृत्त मास्तर आले होते. गावच्या तळ्याचा आणि इनाम जमिनींचा इतिहास लिहितायत. मी तीन दिवस बेळगाव जिल्ह्याचं होतं नव्हतं ते सगळं बघितलं आणि शेवटी 'काही नाही' म्हणून सांगितलं. 'असू दे की बाळ' म्हणाले आणि गेले. ते मनातून जात नाही. त्यात दोन प्राध्यापक : सीमाप्रश्नावरची अमुक पुस्तकं मागवू नको असं एक सांगतात, तमुक नको असं दुसरे. कन्नड मी बोलते, वाचायला मात्र वेळ लागतो. आई म्हणते बी.एड. कर आणि शाळेत लाग. मी या कामाला लायक आहे का? — एक मुलगी, खानापूर"

मुली,

मास्तरांचं आधी बघू. तुझे बाकीचे प्रश्न त्यातूनच सुटत जातील.

तू मन लावून शोधलंस, पण दुसऱ्याच्याच घरात. रायबाग आज बेळगाव जिल्ह्यात आहे खरं, पण १९४९ पर्यंत ते कोल्हापूर संस्थानात होतं. संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्यानंतरचं रायबाग आपल्या जिल्ह्यातलं. म्हणजे तळ्याच्या दुरुस्तीला दरबाराकडून काही मिळालं का, इनाम कुणाच्या नावे चाललं, कुणी तक्रार केली, याचे कागद असलेच तर कोल्हापूरच्या दप्तरात असणार. बेळगावच्या कलेक्टरला त्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. तू मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, बेळगावचा खंड नक्की काढला असशील, १८८४चा, एकविसावा. रायबागसाठी काढायचा तो चोविसावा, कोल्हापूरचा, १८८६चा. आणि एक खबरदारी घे. आजच्या रायबाग तालुक्यातलं प्रत्येक गाव तेव्हाच्या रायबाग महालात, म्हणजे संस्थानातल्या तालुक्यात, होतंच असं धरून चालू नको. या पट्ट्यात संस्थानं, जहागिऱ्या आणि इंग्रजांचा मुलूख एकमेकांत इतके घुसले होते की दोन शेजारच्या गावांचे धनी वेगळे असायचे. मास्तरांच्या गावाचं नाव घे आणि ते गाव कुणाचं होतं हे आधी पक्कं कर.

आपल्या भागात इतिहासाच्या ग्रंथपालाला सगळ्यात आधी हेच कळावं लागतं. गाव जागेवर राहतं, कागद धन्याबरोबर जातात. आणि आपल्या गावांनी धनी किती बघितले!

कित्तूरचंच घे. राणी चन्नम्मांच्या इंग्रजांशी झालेल्या लढाईवर काम करणारी मुलं दरवर्षी येतात आणि शोधखिडकीत 'बेळगाव' टाकतात. २३ ऑक्टोबर १८२४ला कित्तूरच्या वेशीत थॅकरे मारला गेला, तो धारवाडचा कलेक्टर. बेळगाव जिल्हा तेव्हा नव्हताच. तो धारवाडातून वेगळा निघाला १८३६ साली. चन्नम्मांच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ला तुझ्याच तालुक्यात नंदगडला फाशी दिली, ती हकीकतसुद्धा धारवाडच्या नावाखाली आणि मुंबई सरकारच्या पत्रव्यवहारात शोधायची. त्याच्याही मागं, १८१८च्या आधी जायचं असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर. आणि १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं, म्हणजे जिल्हा मुंबई राज्यातून आजच्या कर्नाटकात गेल्यानंतरचं, काही हवं असेल तर तोंड बंगळूरकडं वळवायचं. चंदगडची गोष्ट उलटी. ते १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, मग कोल्हापुरात गेलं. चंदगडचा मुलगा आजोबांच्या काळातलं काही शोधायला कोल्हापूरला जातो, हात हलवत परत येतो आणि म्हणतो, आमच्या गावाला इतिहासच नाही.

तुला मास्तरांचं इतकं लागलंय, म्हणून माझंही सांगते. मी ग्रंथालयात नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती. शहापूरच्या एका विणकराचा नातू आला. वीस-बाविशीचा, हातात शाळेची वही. आजा-पणजाच्या काळात मागावर काय कर होता, सूत कुठून यायचं, साड्या कुठं जायच्या, हे त्याला पाहिजे होतं. मी जिल्ह्याचे अहवाल काढले, शिरगणतीचे तक्ते काढले, बेळगाव नगरपालिकेचं जे होतं ते काढलं. शहापूर कुठंच येईना. 'नाही मिळालं' म्हटलं. त्यानं वही बंद केली, थँक्यू म्हणाला, गेला. पुढच्या आठवड्यात रोज पेपर वाचायला येणारे एक म्हातारे हेडक्लार्क शेजारच्या टेबलावरून म्हणाले, "बाई, शहापूर सांगलीकरांचं होतं की. चार पावलं टाकली की संस्थान लागायचं." मी तिथल्या तिथं उभी राहिले. बेळगावात जन्मलेली, शहापुरात मामाचं घर असलेली बाई मी, आणि मला हे माहीत नव्हतं! त्या मुलाला सांगायला धावले असते, पण त्याचं नाव-पत्ता मी लिहूनच घेतला नव्हता. तो पुन्हा आला नाही. पुढं सगळी नोकरी मी दारातून आत येणाऱ्या तरुण मुलांत त्याचा चेहरा शोधला.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या, त्या तूही कर. टेबलावर एक रजिस्टर ठेव. कुणी काही विचारलं की तारीख, नाव, फोन आणि प्रश्न लिही. मिळालं तर कुठं मिळालं ते, नाही मिळालं तर कुठं कुठं बघितलं ते. 'नाही' हा शब्द एकटा लिहायचा नाही. 'इथं नाही, अमुक ठिकाणी बघा' असंच लिहायचं, आणि तसंच बोलायचं. दुसरी गोष्ट म्हणजे गावांची वही. एका गावाला एक पान. वर गावाचं नाव जितक्या तऱ्हांनी लिहिलं जातं तितक्या तऱ्हांनी, खाली सालवार धनी, त्याच्या समोर कागद कुठं असतील ते. सुरुवातीला पानं कोरी दिसतील. एकेक माणूस येईल तशी भरतील.

आणि माणूस आला की लगेच कपाटाकडं धावू नको. खुर्ची दे, पाणी दे, बोलतं कर. लोक पहिल्यांदा विचारतात ते त्यांना हवं असलेलं नसतं. "निपाणीच्या तंबाखूवर काही आहे का?" असं विचारणाऱ्या बाईला कधी १९८१चं शेतकरी आंदोलन हवं असतं, कधी विडी कारखान्यात राबलेल्या आईबद्दल काही हवं असतं, कधी वखारीच्या मालकीचा दावा चालू असतो. तिन्हींच्या वाटा वेगळ्या. गाव कुठलं, साल कुठलं, राज्य कुणाचं, कागद कुठल्या भाषेतला असेल, एवढं गप्पांच्या ओघात काढून घेतलंस तर निम्मं काम चहा संपेपर्यंत होतं.

आता तुझ्या हातातल्या कॉम्प्युटरकडं ये. तुझ्या ग्रंथालयाच्या सूचीत 'बेळगाव' टाकून बघ आणि मग 'बेळगांव' टाकून बघ. १९६२च्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, पण त्याआधीच्या पुस्तकांच्या नावात गावाच्या डोक्यावर टिंब आहे, आणि नोंद करणाऱ्यानं ते जसंच्या तसं उतरवलेलं असतं. मशीनला हे दोन वेगळे शब्द वाटतात. त्यात २०१४ पासून 'बेळगावी', कन्नड लिपीतलं वेगळं, रोमनमधली जुनी-नवी स्पेलिंगं वेगळी. एका गावाची पुस्तकं पाच-सहा ठिकाणी विखुरलेली, आणि वाचकाला त्यातलं एकच ठिकाण दिसतं. कपाटातही तेच. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युईच्या पद्धतीत कर्नाटकाचा इतिहास ९५४.८७वर आणि महाराष्ट्राचा ९५४.७९२वर. मुंबई राज्य असताना छापलेलं बेळगाववरचं पुस्तक एकानं इकडं ठेवलं, मराठी आहे म्हणून दुसऱ्यानं तिकडं ठेवलं. मधे आख्खं दालन. विद्यार्थी एका कपाटाशी उभा राहून निघून जातो. पुस्तकाला शेवटी एकाच जागी बसावं लागतं, ते मान्य. पण नोंदीत गावाची सगळी नावं घालणं, 'हेही पाहा' लिहिणं, जुना जिल्हा आणि जुनं संस्थान विषयात टाकणं हे तुझ्या हातात आहे. दिवसाला दहा नोंदी केल्यास तरी वर्षात तुझा इतिहास विभाग ओळखू येणार नाही. हे काम कुणी बघत नाही, कुणी शाबासकी देत नाही. मला मात्र या नोकरीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटत आलंय.

भाषेबद्दल तू एका ओळीत लिहिलंयस, मी मात्र जरा थांबणार आहे. तुझ्या घरापासून हलशी किती लांब? तिथं सापडलेले कदंबांचे ताम्रपट संस्कृतात आहेत. सौंदत्तीच्या रट्टांनी पुढं आपल्या वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला, राजधानी केली, त्यांचे शिलालेख जुन्या कन्नडमध्ये. आदिलशाहीची फर्मानं फारसीत. पेशवाईतले हिशेब मोडीत. डोंगर उतरून गोव्यात गेलीस की पोर्तुगीज. १९५६ नंतरचं बरंचसं सरकारी दप्तर इंग्रजी आणि कन्नडमध्ये. एका माणसाला हे सगळं येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही नाही. कुठल्या लिपीसाठी कुणाकडं जायचं हे माहीत असलं की पुष्कळ झालं. पण दोन गोष्टींना पर्याय नाही.

पहिली कन्नड. बाजारात, बसमध्ये बोलतेस ते पुरणार नाही. वाचायला यायला हवं, तेही झरझर. आपल्या जिल्ह्याच्या प्राचीन काळावरचं उत्तम काम कन्नडमध्ये झालंय, शिलालेखांचं वाचन त्या मंडळींनी केलंय. ते वाचता येत नसेल तर तू अर्ध्या कपाटाचीच ग्रंथपाल. मी सांगते तसं कर : रोज सकाळी वाचनकक्षात कन्नड पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाच. ग्रंथालयातल्या कन्नड सहकाऱ्याला सांग, चुकलं की थांबव. तू त्यांना मराठी पेपर वाचायला शिकव. मी हे माझ्या शिपायाबरोबर केलं. पहिला महिना जड गेला, सहाव्या महिन्यात संपादकीय वाचत होते. आपल्याकडं काही लोकांना कन्नड शिकणं म्हणजे माघार वाटते. मला तसं कधीच वाटलं नाही. माझ्या मराठीतलं एक अक्षरही त्यानं कमी झालं नाही.

दुसरी मोडी. अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत बसतात. महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाचे वर्ग भरतात, कोल्हापूर तुला बसनं जाऊन येण्यासारखं आहे. खरी अडचण अक्षरांची नसते, तारखांची असते. कागदावर 'सीत अशर मयातैन व अलफ' असं दिसलं की माणूस गार पडतो. ते आकडे आहेत : सीत सहा, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले १२१६, हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळव, १८१५ आलं. पण हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे महिन्यातला कागद असेल तर ६०० मिळवायचे. एवढं ज्या दिवशी तू एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याच्या घरच्या कागदावर बोट ठेवून सांगशील ना, त्या दिवशी लायक आहे का हा प्रश्न तुला पडणार नाही.

आणि असे कागद येणारच. खानापूर-नंदगड भागातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर ट्रंका आहेत, रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. वाटण्या होतात, वाडा पाडायला काढतात आणि कुणीतरी विचारतं, हे घेता का, नाहीतर रद्दीत जाईल. अशा वेळी ग्रंथालयाची जीप मागवायच्या आधी तू स्वतः जा. रुमाल सोडायच्या आधी फोटो काढ, कुठल्या ट्रंकेत काय होतं ते लिहून घे, आहे त्या क्रमाला हात लावू नको. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता, यातही इतिहास असतो. आपल्याकडं पाऊस असा की कागद ओले आणि बुरशीचे येतील. ते उन्हात टाकू नको. सावलीत, वारा खेळेल असे पसर. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू देऊ नको. प्लास्टिकचं लॅमिनेशन तर कुणी कितीही प्रेमानं सुचवलं तरी नाही. देणाऱ्याला पावती दे, त्याच्या घरच्यांना कधीही येऊन बघता येईल हे लिहून दे, आणि कागद ठेवून घेणं शक्य नसेल तर निदान फोटो काढून परत कर. आजीनं तांदळाच्या डब्यात ठेवलेला कागद ती तुझ्या हातात देते, तेव्हा तिला तू कुठल्या श्रेणीवर आहेस हे ठाऊक नसतं.

दोन प्राध्यापकांचं. सीमाप्रश्नावर माझं मत आहे, ते ठाम आहे, आणि बेळगावात मला ओळखणाऱ्यांना ते माहीत आहे. पण ग्रंथालयाच्या टेबलाशी बसले की ते मी पर्समध्ये ठेवत असे. या प्रश्नावर केंद्रानं महाजन आयोग १९६६ला नेमला, १९६७ला अहवाल आला. कर्नाटक तो लागू करा म्हणतं, महाराष्ट्रानं तो फेटाळला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. यातला प्रत्येक कागद, त्याच्या बाजूचं आणि विरुद्धचं पुस्तक, दोन्ही भाषांतलं, तुझ्या कपाटात शेजारी शेजारी असायला हवं. एखाद्या पुस्तकातलं लिखाण तुला खोटं वाटत असेल तरीही. ते खोटं आहे हे उद्या कुणाला सिद्ध करायचं असेल, तर त्याला आधी ते वाचायला मिळालं पाहिजे.

हे तोंडी सांगून मात्र भागणार नाही. तू करारावरची, ते दोघं जुने. म्हणून एका पानाचं संग्रह धोरण लिही : इतिहास विभागात काय घ्यायचं, कुठल्या भाषांतलं, वादाच्या विषयावर सगळ्या बाजूंचं. तुझ्या ग्रंथपालांना दाखव, ग्रंथालय समितीत मंजूर करून घे. पुढच्या वेळी कुणी 'हे मागवू नको' म्हणालं की अदबीनं सांग, "सर, समितीचं धोरण आहे, आपण लेखी कळवलंत तर समितीपुढं ठेवते." लेखी फार थोडे देतात.

यात तुला आणखी एक काम सुचवते. १ नोव्हेंबरला आपल्या शहरात एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी लोकांचा निषेधाचा काळा दिवस असतो. दुसऱ्या दिवशीचे मराठी आणि कन्नड पेपर शेजारी ठेवून वाच. एकाच शहराचे, एकाच दिवसाचे आहेत यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. दरवर्षीचे हे अंक दोन्ही भाषांतले एकत्र बांधून घे, मागचे मिळतील तितके जमव. १९१९ पासूनचा 'तरुण भारत' आपल्या गावचा, कन्नड पेपरही आहेत. पन्नास वर्षांनी या भागाचा इतिहास लिहिणारा तुझं नाव न घेता तुला दुवा देईल.

पीएच.डी.ची खंत मला कळते. मलाही होती, बरीच वर्षं. ती सोडून दे असं मी म्हणणार नाही. पण वर्षभर थांब आणि टेबलावरचं रजिस्टर वाचून बघ. लोक काय विचारतात आणि काय मिळत नाही, यातच तुझा विषय लपलेला असेल. तोवर एखादी सूची कर. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इथं छापलेल्या मराठी पुस्तकांची आणि नियतकालिकांची. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ आणि पुढं १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली. आजही मराठीत संशोधन करणारा माणूस तिथूनच सुरुवात करतो. तिच्यातली आपल्या गावांत छापलेली पुस्तकं आधी वेगळी काढ, मग जुनी वाचनालयं आणि घरांतली कपाटं बघत जा. अशी सूची करणारा माणूस दुसऱ्याच्या पीएच.डी.चा हमाल असतो असं मला कधी वाटलं नाही.

राहिली आई. तिचं म्हणणं झटकून टाकू नको, तिला तुझा करार दिसतोय. तू करतेस तसं एकाच विषयाचं काम बघणाऱ्या विषय ग्रंथपालाचं पद आपल्या विद्यापीठांच्या आस्थापनेवर सहसा नसतं. कागदावर सहायक ग्रंथपाल असतो, त्यासाठी यूजीसीच्या नियमाप्रमाणं एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट लागते. ग्रंथालयशास्त्राची नेट दे, कर्नाटकाची के-सेट दे, दोन वर्षांची मुदत स्वतःला घालून घे. सहायक ग्रंथपालाची श्रेणी सहायक प्राध्यापकाचीच असते, हे आईला सांग. तिला हिशेब कळतो. दोन वर्षांत काहीच हाती आलं नाही तर बी.एड.चा विचार कर, आणि त्यात कमीपणा मानू नको. तिला एकदा ग्रंथालयात घेऊन ये. माझी आई आली होती. कपाटांतून हिंडली, एका जुन्या पंचांगाचं पान उलटून बघितलं, आणि घरी जाताना म्हणाली, एवढं सगळं तू सांभाळतेस होय.

मास्तरांचा नंबर तुझ्याकडं नसेल तर त्यांच्या गावच्या शाळेत फोन कर, निवृत्त मास्तर सगळ्यांना माहीत असतात. गावाचं नाव, तळ्याचं नाव, इनामदाराचं आडनाव आणि अंदाजे साल लिहून घे. एवढं घेऊनच त्यांना कोल्हापूरला पाठव, नाहीतर तिथंही 'नाही' ऐकावं लागेल. जमलं तर रजा टाकून त्यांच्याबरोबर जा.

माझी गावांची वही अजून घरी आहे, निळ्या पुठ्ठ्याची. टिळकवाडीत येऊन घेऊन जा, सदराच्या पत्त्यावर आधी कळव. बेळगाव, शहापूर, कित्तूर, नंदगड बऱ्यापैकी भरलंय. रायबाग महालाची चार-पाच गावं लिहून थांबले होते, मास्तरांचं गाव त्यात नसेल तर पुढच्या पानावर लिही.